आनंदीच्या जागेवर बसलेली बाई

आनंदीला लहानपणापासून एकच खोड होती. बंद दार दिसलं की त्याच्या आत काय आहे हे तिला पाहायचं असे. लग्न होऊन मध्य प्रदेशातल्या बालाघाटला आली, दोन पोरी नांदायला गेल्या, केसांत पांढरं दिसू लागलं, तरी ती खोड काही गेली नाही. नवरा टिकाराम रेल्वेच्या छोट्या लाइनच्या मालधक्क्यावर कामाला होता. संध्याकाळी तो घरी आला की ही विचारायची, "आज डब्ब्यात काय आलतं?" तो म्हणायचा, "पोते." ही म्हणायची, "पोत्यात काय होतं?" मग तो वैतागून अंघोळीला निघून जायचा.

सदुसष्ट सालच्या थंडीत वॉर्डातल्या भोजराज गुरुजींनी बस ठरवली. गुरुजी शाळेत इतिहास शिकवायचे आणि वर्गात जे दाखवता येत नाही ते लोकांना प्रत्यक्ष दाखवावं असं त्यांना फार वाटे. सकाळी घाटाखालच्या कोटगावला जुनं पडकं देऊळ आणि गढी पाहायची, मग घाट चढून बैहरकडच्या डोंगरातली गावं पाहायची आणि दिवस मावळायच्या आत घाट उतरायचा, असा बेत होता. बसमध्ये सगळी आपल्याच वॉर्डातली बौद्ध मंडळी. गडीमाणसं पुढं, बाया मागं. टिकाराम ड्रायव्हरच्या पाठीमागं पत्त्यांच्या डावात बसला. आनंदीला अगदी शेवटच्या बाकावर जागा मिळाली, शेजारीण शांताबाईच्या बाजूला. शांताबाईला बस लागायची. गाडी सुरू होताच तिनं तोंडाला पदर लावला, खिडकीला डोकं टेकलं आणि डोळे मिटून घेतले ते घेतलेच.

कोटगाव आलं तेव्हा धुकं नुकतंच वर चाललं होतं. गुरुजी एका पडक्या खांबावर उभे राहून म्हणाले, "हे पाहा मंडळी, आपण इथं हात जोडायला नाही आलो. पाहायला आलो. नीट पाहा. विचारा."

टिकाराम हळूच बायकोला म्हणाला, "तुले त सांगाचीच गरज नाही."

लोक गढीच्या भिंतीवर चढले, बुरुजावरून खालचं तळं पाहिलं, देवळाच्या बाहेरच्या अंगाला कोरलेले हत्ती पाहिले. आनंदी मात्र देवळाच्या दाराशी उभी राहिली होती. शिखर कधीच कोसळलं होतं. वर पिंपळ उगवला होता, त्याच्या मुळ्या दगडांत शिरल्या होत्या. पण दाराची चौकट शाबूत होती आणि आत मिट्ट काळोख होता.

आनंदीची आजी भंडाऱ्याकडची. तिच्या गावात मोठं देऊळ होतं. आजी सांगायची, आपण दुरून कळस पाहायचा, दगडाच्या त्या खुणेपुढं पाऊल टाकायचं नाही. लहानगी आनंदी विचारायची, "अंदर काय हाय?" आजी म्हणायची, "देव हाय." "कसा हाय?" "मले का मालूम, माय. मी कुठं पाहलं?" आजी तशीच गेली. आजीला पाहायची इच्छा होती की नव्हती, हेही आनंदीनं कधी विचारलं नव्हतं.

इथं तर आता कोणी अडवणारं नव्हतं. उंबऱ्यापाशी बकरीच्या लेंड्या पडल्या होत्या. आनंदीनं लुगड्याचा ओचा खोचला आणि आत गेली.

पहिल्यांदा काहीच दिसेना. वटवाघळांचा उग्र वास आला. हळूहळू डोळे सरावले. मधोमध एक चौकोनी खळगा होता, मूर्ती जिथं बसवली असेल तिथला. मूर्ती नव्हती. भिंती साध्या, काहीही न कोरलेल्या. तिनं हात लावून पाहिला. गार, ओलसर दगड. ती खोली तिच्या स्वैपाकघराएवढीच होती, जास्त नाही.

'एवढंच?' तिच्या मनात आलं. 'एवढ्यासाठी?'

तिला राग यायला हवा होता, पण राग आला नाही. उलट आणखी पाहावंसं वाटलं. भिंतीत उजव्या अंगाला एक फट होती, माणूस आडवा होऊन शिरेल एवढी. पलीकडं उजेड दिसत होता. ती शिरली. पलीकडं एक अरुंद बोळ होता आणि वरच्या पडलेल्या दगडाच्या जागेतून उन्हाची तिरीप खाली उतरत होती. त्या तिरिपेत ती एका दगडावर बसली. पुजारी इथं बसत असेल का? दागिने ठेवत असतील? की नुसतंच गारव्याला येत असतील? या दगडावर आपल्यातलं कोणी याआधी बसलं असेल का? बांधताना तरी बसलं असेल. दगड वाहून आणणाऱ्यांना त्या वेळी कोण अडवणार होतं? देव बसल्यावर अडवलं असेल. असा विचार करता करता ती किती वेळ बसली हे तिचं तिलाच समजलं नाही. जाड भिंतींच्या आत बसचा भोंगा ऐकू आला नाही.

ती बाहेर आली तेव्हा बस नव्हती. रस्त्यावर धूळ तेवढी होती, तीही खाली बसत चाललेली.

ती रस्त्यापर्यंत धावली. घाटाकडं जाणारा रस्ता रिकामा होता. टिकाराम आता काय म्हणेल? परक्या गावात ती एकटी अशी कधी उभी राहिलीच नव्हती.

देवळाला लागूनच एक कौलारू घर होतं. अंगणात एक बाई कपडे धूत होती. ती तिथूनच ओरडली, "गेली ना तुमची बस! तू मांगं राह्यली का वं?"

"हौ ना. अंदर पाहत बसली होती."

"अंदर?" त्या बाईनं कपाळाला हात लावला. "वटवाघरं पाहत? बैस, बैस. दुपारी लाकडाचा नाहीतर बासाचा ट्रक जाते घाटावर. आमच्या घरचे थांबवून देतीन."

ती तुळसाबाई. नवऱ्याचं नाव डोमाजी, चार एकर धानाची शेती. बालाघाटच्या मराठी लोकांसारखे त्यांचेही पूर्वज नागपूरकडून आलेले. बोलता बोलता तुळसाबाई पाण्याचा लोटा भरून घेऊन आली आणि रीतीप्रमाणं विचारलं, "कोण लोक तुमी?"

"बौद्ध," आनंदी म्हणाली.

तुळसाबाईचा हात क्षणभर थांबला. मग तिनं लोटा आनंदीच्या हातात न देता शेजारच्या बुटक्या भिंतीवर ठेवला. आनंदीनं ते पाहिलं. तहान लागली होती. तिनं लोटा उचलला, वरून पाणी प्याली आणि परत भिंतीवर ठेवला. तुळसाबाई पुन्हा कपडे आपटू लागली.

आनंदीची नजर त्या धुण्याच्या दगडावर गेली. दगड चांगला लांबरुंद, वरून घासून गुळगुळीत झालेला. पण चिखलाशी टेकलेल्या त्याच्या कडेला कमळाच्या पाकळ्या कोरलेल्या दिसत होत्या. आनंदी उठून जवळ गेली, वाकली, बोटानं चिखल खरवडला. पाकळ्या खाली खाली चालल्या होत्या.

"बाई, ह्याच्या खाली काय हाय?"

"काय असंल? माती."

"पाहलं का कधी?"

"काहून पाहू? सासूच्या बी सासूनं ठेवलेला गोटा हाय तो." तुळसाबाई हसली. पण तिचा कपडा आपटणारा हात मंदावला. तीही वाकली. "हे फूल त मी रोजच पाहते. पण खाली जाते म्हणून कधी ध्यानात नाही आलं."

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. तुळसाबाईनं ओल्या कपड्यांचा पिळा बाजूला ठेवला आणि घराकडं तोंड करून हाक मारली, "अवो, सब्बल आणा ना जरा!"

डोमाजी कोठ्यातून सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन आला आणि काय करायचं ते ऐकून चकित झाला. "दोघी बी पागल झाल्या का? धुनं सोडून गोटे उलटवाचे?" असं म्हणत म्हणत त्यानं सब्बल दगडाखाली घातलीच. कारण आता त्यालाही पाहायचं होतं.

दगड सहज हलेना. डोमाजीनं सब्बल दाबली, दोघी बायांनी कड धरून ओढली. एकदा दगड निसटला आणि तुळसाबाईचा हात खाली सापडणार, तोच आनंदीनं तिचं मनगट धरून मागं खेचलं. पुन्हा जोर लावला. शेवटी चिखलाचा फसाक्‌ असा आवाज होऊन दगड सुटला आणि उलटा पडला. खालची गांडुळं सैरावैरा झाली.

आधी नुसता चिखल दिसला. तुळसाबाईनं घागर ओतली. आनंदीनं पेंढ्याची मूठ घेऊन घासायला सुरुवात केली. आधी एक कडी दिसली. मग दाराची फळी, तिच्यावरच्या खिळ्यांची डोकी. मग दाराच्या कडेला धरलेली चार बोटं. मग चेहरा.

अर्धं उघडलेलं दार होतं आणि त्यातून एक बाई बाहेर डोकावत होती. अर्धं अंग दाराआड, अर्धं बाहेर. एक पाय उंबऱ्यावर टेकलेला, त्यात वाळा. पालथी पडून राहिल्यामुळं तिचं नाक, ओठ, कानातले सगळं जसंच्या तसं राहिलं होतं. बाहेरच्या हत्तींची तोंडं झिजली होती, पण ही जणू काल कोरलेली.

"अवो माय!" तुळसाबाई मटकन खाली बसली. "इतके वर्सं मी हिच्या पाठीवर कपडे आपटले."

"कोणाले पाहून राह्यली असंल वं?" आनंदी म्हणाली.

"नवऱ्याची वाट पाहत असंल."

"वाट पाहणारीचं तोंड असं नसते. ही त खुश हाय."

डोमाजी सब्बलीवर रेलून म्हणाला, "शेजारी भांडण चालू असंल. ते ऐकून राह्यली."

तिघंही हसले. मग तिघं त्या बाईकडं पाहत राहिले आणि ती तिघांच्या मागं कुठंतरी पाहत राहिली. तुळसाबाईनं घरात जाऊन गुळाचा खडा आणि तेलाची रोटी आणली आणि आनंदीच्या हातात दिली. हातातच दिली. आनंदीच्या ते ध्यानात आलं. तिनं रोटी मोडून खाल्ली.

दुपारच्याला बांबू भरायला वर चाललेला रिकामा ट्रक आला. डोमाजीनं रस्त्यात उभं राहून तो थांबवला. ड्रायव्हर म्हातारा होता. त्यानं तिला आपल्याजवळ केबिनमध्ये बसवलं. ट्रक घाटाला लागला. सराईची, म्हणजे सालाची झाडं दोन्ही बाजूंनी जवळ आली. आनंदीनं इतक्या उंचावरून रस्ता कधी पाहिला नव्हता. समोरची सारी काच तिची एकटीची होती. भीती वाटत होतीच, पण प्रत्येक वळणापलीकडं काय आहे हे पाहताना ती भीती विसरत होती आणि वळण गेलं की पुन्हा आठवत होती.

अशाच एका वळणावर समोरून एक माणूस पळत येताना दिसला. धोतर वर खोचलेलं, चपला हातात, टोपी कुठं पडलेली. ड्रायव्हरनं ब्रेक लावला.

टिकाराम होता तो.

त्यानं वर पाहिलं. केबिनमध्ये बसलेली बायको दिसली. त्याला बोलता येईना, नुसता श्वास चालला होता. मग एकदम ओरडला, "काहून राह्यली मांगं? आं? जीव चालला होता माहा! बसच्या इंजनमधलं पाणी उकळलं, गाडी वापस फिरत नाही म्हणते, म्हणून मी पायीच निघालो. कुठं होती तू?"

"देवळाच्या अंदर होती."

"अंदर काय होतं एवढं?"

"काहीच नव्हतं."

टिकारामनं डोक्याला हात लावला आणि रस्त्याच्या कडेला धप्पकन बसला. आनंदी खाली उतरली. त्याचे पाय खरचटले होते, अंगठ्यातून रक्त येत होतं. तिनं पदराच्या टोकानं ते पुसलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्याला लपवता येत नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं हे पाहिलं नव्हतं.

"मी नाही हे कसं मालूम नाही पडलं तुमाले?" तिनं हळूच विचारलं. "मोजलं नाही का गुरुजीनं?"

"मोजलं ना. बरोबर भरले." टिकाराम तिच्याकडं पाहून म्हणाला, "तुह्या जागेवर एक म्हातारी बसली होती."

आनंदीचा हात थांबला. "कोण म्हातारी?"

"मले का मालूम! गोंडीण हाय. डोक्यावरून पदर घेऊन बसली होती मांगं. शांताबाई झोपेत. वर जाऊन उतरलो तवा समजलं."

"चला लवकर," आनंदी उठलीच. "उतरून निघून गेली तर?"

ट्रकनं दोघांना वर रानदादरला सोडलं. दादर म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट पठार. त्यावर गोंडांची पंधरावीस घरं, शेणामातीनं सारवलेली, भिंतींवर पांढरी नक्षी. मोहाच्या झाडाखाली बस उभी होती, तिचं नाक उघडं टाकलेलं. आणि अंगणात मांदर ढोल वाजत होता. वॉर्डातली मंडळी पत्रावळीवर कुटकी या बारीक भरडधान्याचा भात खात बसली होती. भोजराज गुरुजी पुढं धावत आले, चेहरा उतरलेला. "आनंदीबाई, माझीच चूक. डोकी मोजली, तोंडं पाहिली नाहीत." शांताबाई रडायच्याच बेतात होती. आनंदीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "ती कुठं हाय?"

मोहाच्या बुंध्याशी बायांच्या घोळक्यात ती म्हातारी बसली होती. नाव सुकवारो. दंडावर गोंदण, गुडघ्यांना औषधी पाला बांधलेला. आनंदीला पाहून तिनं सरकून बाजूला जागा केली, जणू बसच्याच बाकावर बसली होती.

सुकवारोचं माहेर रानदादर. दिली होती खाली कोटगावच्या पलीकडल्या टोल्यावर, म्हणजे पाड्यावर. पूर्वी घाट पायी चढून यायची. मग गुडघे गेले. पोरं म्हणायची, पुढल्या साली नेऊ. असं म्हणता म्हणता भाऊ थकला, त्याला दिसेनासं झालं आणि बहिणीची गाठ राहूनच गेली. आज सकाळी ती शेण गोळा करायला रस्त्यावर आली होती.

"बस का मुँह ऊपर की तरफ था," ती सांगू लागली. "दरवाजा खुला था. मैं चढ़ गई. पीछे एक जगह खाली थी. मास्टर आया, मेरे ऊपर उँगली करी, कुछ बोला और चला गया. मैंने सोचा, हाँ बोल रहा है."

आनंदीला हसू फुटलं. म्हातारीही बोळक्या तोंडानं हसली. पलीकडं तिचा आंधळा भाऊ बसला होता. बहीण आली ती या लोकांच्या बसमधून, म्हणजे यांनीच तिला आणून सोडली, असं गावानं धरलं होतं. म्हणून हा भात, हा मांदर. गुरुजींनी एकदोनदा खरं सांगायचा प्रयत्न केला, पण कोणी ऐकून घेतलं नाही.

"डर नहीं लगा?" आनंदीनं विचारलं.

"लगा. मोड़ पे बहुत लगा. पर देखना भी था." म्हातारीनं तिच्याकडं निरखून पाहिलं. "तू कहाँ रह गई थी?"

"मंदिर के अंदर."

सुकवारोचे डोळे मोठे झाले. लग्न झाल्यापासून त्या देवळासमोरून गेली होती ती, पण पाऊल आत टाकलं नव्हतं. तिला कोणी अडवलं नव्हतं, पण ये असंही कोणी म्हटलं नव्हतं. ती जवळ सरकली. "क्या है अंदर?"

आणि आनंदीनं सांगितलं. खळगा, गार भिंती, ती फट, उन्हाची तिरीप, आणि मग तुळसाबाईच्या धुण्याच्या दगडाखालची ती बाई. मांदर थांबला होता. शांताबाई जवळ आली, गुरुजी आले, पत्ते खेळणारे आले. टिकाराम पायाला हळद बांधून मागं उभा होता. आनंदी सांगताना थांबली की तोच म्हणायचा, "मंग? मंग काय झालं?"

बसचं पाणी निवलं तेव्हा उन्हं कलली होती. सुकवारो माहेरीच राहिली. तिच्या पोरांना निरोप द्यायचं टिकारामनं कबूल केलं आणि खाली उतरताच टोल्यावर बस थांबवून त्यानं तो दिलाही. पोरं सकाळपासून आईला शोधत फिरत होती. त्यांना आधी खरंच वाटेना.

पुढं होळीच्या सुमाराला डोमाजी बाजाराला बालाघाटला आला तेव्हा पत्ता विचारत विचारत वॉर्डात शिरला. दगड आता अंगणात भिंतीला टेकवून उभा केला होता. रस्त्यानं जाणारे-येणारे पाहायला थांबायचे. तुळसाबाई त्यांना सांगत बसायची आणि तिची कामं राहून जायची.

"ते सारं ठीक हाय," डोमाजी टोपी सावरत म्हणाला, "पण घरी रोज कटकट हाय. म्हणते, त्या बाईवर आता कपडे आपटवत नाही. मंग धुवाचं कायवर?"

आनंदी हसली. टिकाराम हसला नाही, विचारात पडला.

पुढल्या रविवारी दोघं कोटगावच्या बसला उभे होते. टिकारामच्या खांद्यावर पोत्यात गुंडाळलेली एक जाड फरशी होती. कंडक्टर म्हणाला, हे टपावर टाका. टिकाराम म्हणाला, फुटंल. शेवटी फरशी दोघांच्या पायांपाशी उभी राहिली आणि कोटगाव येईपर्यंत दोघांनी गुडघ्यांनी ती धरून ठेवली.

तुळसाबाईनं फरशी पाहिली, हातानं चाचपली, उलटी करून खालून पाहिली.

"खाली काहीच नाही," आनंदी म्हणाली. "मी पाहूनच आणली."

"मंग ठीक हाय," तुळसाबाई म्हणाली. तिनं पदराला हात पुसले आणि दार सरळ उघडून धरलं. "चहा मांडते. अंदर या."

टिकाराम उंबऱ्याशी थबकला. आनंदीनं आधी आत डोकावून पाहिलं, मग त्याच्या दंडाला धरून त्याला घेऊन आत गेली.